बोललेला कोंबडा

आपल्यात नवस नसतो, असं वळवी पाळक सांगतात.
म्हणून मी नवस केला नाही.
फक्त चुलीतली राख ओढता ओढता म्हटलं,
प्रभू, नथानेल पोलिसात लागला
तर हा तांबडा कोंबडा तुझा.
आता याला काय म्हणायचं ते तूच ठरव.

कंठ फुटला तसा तो रोज साडेचारला आरवायचा
आणि माझा पोऱ्या बूट चढवून
रुळांच्या कडेकडेने धावत सुटायचा,
सुरतेकडे निघालेल्या मालगाडीशी पैज लावल्यासारखा.
प्रिस्काचे बाबा फाटकापाशी मोबाईलवर वेळ धरायचे,
चष्म्याशिवाय.
त्यामुळे वेळ नेहमी चांगलीच यायची.

नंदुरबारच्या मैदानावर
चष्मा लावलेली माणसं होती.

एक गुण.
एका गुणात काय काय मावतं, प्रभू?
तीन वर्षांची अंडी,
अंगणवाडीच्या मानधनातून घेतलेले बूट,
आणि प्रिस्काचं नर्सिंग,
जे मी 'पुढच्या वर्षी' म्हणून
लोणच्याच्या बरणीमागे सरकवून ठेवलंय.

शेवटच्या एस्टीने तो नवापूरला उतरला.
कुणी काही विचारलं नाही. मी वांगी भाजली.
सालं काढताना बोटं पोळली, ते बरंच झालं,
डोळ्यांना कारण मिळालं.
प्रिस्काचे बाबा प्रार्थनेला लागले,
'हे आमच्या बापा, या अन्नाबद्दल आम्ही तुझे...'
आणि तिथेच अडले,
नळाला पाणी येता येता नुसती हवा यावी तसे.
भरीत निवत चाललं.
मग नथाच म्हणाला, 'आभार. आमेन. वाढ, आई.'
आमच्या घरात इतकी छोटी प्रार्थना
कधी झाली नव्हती.

दुसऱ्या दिवशी साडेचारला कोंबडा आरवला.
बूट दाराशी. पोऱ्या गोधडीत.
हापशीवर कमळाबाईने विचारलं,
काय गं, तुमच्या देवाने ऐकलं नाही वाटतं?
मी म्हटलं, यात देवाचा काय संबंध.
किराणावाल्यालाही तेच म्हटलं.
अंगणवाडीत खिचडी ढवळताना मॅडमना, तेच.
घरी आले तर हा कुंपणावर,
भर दुपारी, अवेळी,
माझ्याकडे मान वाकडी करून एकदाच आरवला.
शास्त्र मी फार वाचलेलं नाही.
पण त्या अंगणातली ती शेकोटी मला ठाऊक आहे.

उपकारस्तुतीच्या रविवारी मी त्याचे पाय बांधले.
प्रिस्काचे बाबा म्हणाले,
अगं, पण तो 'लागला तर'चा होता ना?
मी म्हटलं, 'तर' माझा होता. कोंबडा त्याचा.
बोलून गेले आणि स्वतःचंच कौतुक वाटलं,
आणि फाटकापर्यंत पोचेस्तोवर
जीव चुटपुटायलाही लागला,
बाजारात सातशेला तरी गेला असता.

देवळात भोपळे, तुरीच्या ओल्या शेंगा,
नव्या भाताची पाटी, कुणाचा तरी केळीचा घड.
शिमोन मास्तर लिलाव पुकारत होते.
तांबडा कोंबडा, दोनशे!
अडीचशे. तीनशे. मग जरा शांतता,
आणि पुरुषांच्या बाजूने, मागच्या बाकावरून,
'पाचशे.'
मी वळून पाहिलं नाही.
त्या आवाजाला मी नऊ महिने पोटात वागवलं होतं.

आठवडाभर डाळमिलमध्ये पोती वाहून
मिळालेल्या नोटांतली एक होती ती.
परतताना कोंबडा त्याच्या काखेत.
मी म्हटलं, वेडा का रे, घरचाच कोंबडा विकत घेतोस?
म्हणाला, मिलची पाळी सहाची आहे.
याच्याशिवाय मला जाग येत नाही.

बूट अजून दाराशीच आहेत.
बरणीमागे काय आहे ते बरणीमागेच आहे.
आणि हा देवाचा की आमचा,
मला अजून नीट सांगता येत नाही.
दाणे मात्र आमचेच खातो.